सत्ता गांवांत आली. पण उतरली कोणाच्या ओसरीवर?

(ग्रामसभेच्या आदल्या दिवशीं एका खेड्यांतील शाळेच्या पटांगणांत तेथील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण. विषय प्रत्येक खेड्याच्या उपयोगाचा असल्यामुळें तें येथें सबंध देत आहों.)



मी कांहीं मोठा वक्ता नाहीं. अध्यापक विद्यालयांतून शिकून बाहेर पडलों आणि गेलीं वीस-बावीस वर्षें खेड्यांतल्या पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवीत आलों. तेव्हां माझ्या बोलण्यांत अलंकार सांपडणार नाहींत. सांपडली तर मास्तराची एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगण्याची खोड सांपडेल. ती आपण पदरांत घ्यावी.

उद्यां आपली ग्रामसभा आहे. वित्त आयोगाच्या पैशांतून काय करावयाचें हें उद्यां ठरणार आहे. पारावर दोन गोष्टी बोलल्या जात आहेत. एक म्हणजे वेशीवर मोठी कमान बांधावी. आणि दुसरी म्हणजे नळाची लाईन खालच्या वस्तीपर्यंत न्यावी. मी सरकारी पगार खाणारा माणूस. मला गटातटांत पडतां येत नाहीं व पडावयाचेंही नाहीं. कमान कीं नळ, हें तुम्ही ठरवा. परंतु तें ठरविण्याचा अधिकार तुमच्याकडे कसा आला, तो किती आला, आणि वाटेंत तो कोण खाऊन टाकतो, एवढें सांगणें मास्तराच्या कामांत बसतें, अशी माझी समजूत आहे.

पहिल्यानें एक जुना भ्रम दूर करूं. पुष्कळ विद्वान सांगतात कीं, पूर्वी आपलीं खेडीं स्वतंत्र होतीं, पंच न्याय करीत आणि गांव आपलें आपण चालवी. १८३० सालीं चार्ल्स मेटकाफ नांवाच्या एका इंग्रज अंमलदारानें आपल्या खेड्यांना लहानलहान प्रजासत्ताकांची उपमा दिली, आणि तेव्हांपासून ती उपमा आपण अभिमानानें मिरवीत आहों. पण बंधूंनो, त्या चावडीवर घोंगडीवर कोण बसे आणि पायरीखालीं हात जोडून कोण उभा राही? पंचांत महार होता काय? मांग होता काय? कुंभार, न्हावी, रामोशी यांचें मत कोणीं विचारलें? आणि बायका? त्यांना चावडीच्या समोरून जातांना देखील पदर सांवरून, मान खालीं घालून जावें लागे. दप्तर कुळकर्ण्याच्या हातीं. तो लिहील तें खरें आणि वाचील तें खरें. अक्षरशून्य शेतकऱ्याला या लेखणीनें कसें नागविलें, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सांगून ठेविलें आहे. म्हणूनच शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९१८ सालीं कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. लेखणी एका जातीच्या वंशपरंपरेंत राहिली तर गांवाची सत्ता नांवापुरतीच गांवाची राहते, हें त्या राजानें ओळखलें होतें.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनींही हेंच ओळखलें. १९३२ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत ग्रामपंचायतींचें बिल आलें, तेव्हां त्यांनीं सरळ विचारणा केली कीं, प्रौढ मतदान नाहीं आणि अस्पृश्यांना खास जागा नाहींत, तर अशा पंचायतींच्या हातीं आमचीं माणसें कशीं द्यावींत? पुढें ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत बोलतांना त्यांनीं खेड्यांच्या या कौतुकावर कडक टीका केली, आणि राज्यघटनेचा पाया गांव नसून एकेक माणूस आहे याबद्दल समाधान व्यक्त केलें. त्याच महिन्यांत पंचायतींविषयींचें कलम घटनेंत घालण्यास त्यांनीं संमति दिली. तें आजचें कलम ४० होय. यावरून कांहीं मंडळी म्हणतात कीं बाबासाहेब खेड्याच्या सत्तेविरुद्ध होते. मला तसें वाटत नाहीं. माझ्या समजुतीप्रमाणें त्यांचा प्रश्न एवढाच होता कीं, सत्ता गांवांत द्याल, पण ती उतरणार कोणाच्या ओसरीवर? हा प्रश्न आजही जुना झालेला नाहीं, म्हणून मीं तो आजच्या बोलण्याच्या माथ्यावर ठेविला आहे.

आतां कायद्याचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. १९२० सालीं मुंबई इलाख्यांत ग्रामपंचायतींचा कायदा झाला. स्वराज्यानंतर १९५७ सालीं बलवंतराय मेहता समितीनें अहवाल दिला, आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजीं राजस्थानांत नागौर येथें पंचायत राज्याचा आरंभ झाला. आपल्या महाराष्ट्रांत वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ सालीं कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, लहान रस्ते, विहिरी हें सारें जिल्ह्याच्या लोकनियुक्त मंडळाकडे आलें. ज्या शाळेच्या पटांगणांत आपण बसलों आहों, ती शाळा त्याच जिल्हा परिषदेची, आणि मीही तिचाच चाकर. नांगर धरणाऱ्याच्या घरांतला मुलगा सभापतीच्या खुर्चीवर बसलेला महाराष्ट्रानें पाहिला तो १९६२ नंतर. हें मोठें काम झालें, तें कबूल केलेंच पाहिजे.

पण खरें बोलावयाचें तर सगळें बोललें पाहिजे. भटशाहीच्या नांवानें बोटें मोडतांना आपण आपल्या ओसरीकडे पाहिलें काय? बहुजनसमाज म्हणून जो मोठा शब्द आपण वापरतों, त्यांतल्या थोरल्या भावानें खुर्ची घेतली आणि धाकट्या भावांना सतरंजी उचलावयास ठेविलें, असें किती गांवांत झालें! पतपेढी एका घरांत, सोसायटी त्याच घरांत, पंचायतही त्याच घरांत. वाड्याचा मालक बदलला, पण वाडा उभाच राहिला. कुळकर्ण्याच्या लेखणीला ज्यांनीं नांवें ठेविलीं, त्यांच्याच नातवांनीं पंचायतीचें दप्तर घरीं नेऊन ठेविलें तर त्याला सुधारणा म्हणावें काय?

या दुखण्यावर उपाय म्हणून राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती झाली. त्याआधीं १९८९ सालीं असाच एक प्रयत्न राज्यसभेंत फसला होता. डिसेंबर १९९२ मध्यें संसदेनें नवी दुरुस्ती मंजूर केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. दर पांच वर्षांनीं निवडणूक झालीच पाहिजे. निवडणुकीसाठीं स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. पैशाच्या वाटणीसाठीं राज्य वित्त आयोग. अनुसूचित जाति-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणांत जागा. आणि स्त्रियांना निदान तिसरा हिस्सा. महाराष्ट्रानें १९९४ सालीं इतर मागासवर्गीयांना शेंकडा २७ जागा दिल्या, आणि २०११ पासून स्त्रियांचा वांटा निम्मा केला.

येथें मला थोडें व्याकरण शिकवूं द्या. मास्तराला त्याशिवाय चैन पडत नाहीं. ‘बाप मुलाला जेवूं घालील’ आणि ‘बाप मुलाला जेवूं घालूं शकेल’ या दोन वाक्यांत फरक काय? पहिल्यांत मूल जेवतें. दुसऱ्यांत बापाच्या मर्जीवर बसतें. घटनादुरुस्तींत निवडणूक आणि राखीव जागा यांच्याविषयीं पहिलें वाक्य आहे. पण प्रत्यक्ष अधिकार देण्याच्या कलमांत, म्हणजे २४३-जी या कलमांत, दुसरें वाक्य आहे. राज्याचें विधिमंडळ पंचायतींना अधिकार देऊं शकेल! घटनेच्या अकराव्या परिशिष्टांत शेती, पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य असे २९ विषय लिहिले आहेत. पण त्यांतले किती विषय खरोखर खालीं सोडावयाचे हें मुंबईच्या मर्जीवर राहिलें. तेव्हां ताट मांडलें, पाट मांडला, पण वाढणाराचा हात आंखडता राहिला.

याचा दाखला फार लांबचा नको. सरपंच थेट लोकांनीं निवडावा असें २०१७ सालीं ठरलें. २०२० सालीं तें रद्द झालें. २०२२ सालीं पुन्हां लागू झालें. पांच वर्षांत तीनदां नियम फिरला. मुंबईंत सरकार बदललें कीं खेड्याच्या सरपंचाची जन्मकुंडली बदलते! राज्यांत सुमारें २८ हजार ग्रामपंचायती आहेत; त्यांपैकीं कोणत्या ग्रामसभेला हें विचारलें होतें? दुसरा दाखला पहा. इतर मागासवर्गीयांच्या जागांचा प्रश्न न्यायालयांत गेला. या आरक्षणाला पुराव्याचा आधार हवा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालींच सांगितलें होतें. सरकारनें आंकडे गोळा केले नाहींत, आणि मार्च २०२१ मध्यें न्यायालयानें आरक्षणाचा तो नियम अडविला. पुढें आंकडे आले, तरी प्रभागरचनेचे व इतर वाद चालूच राहिले. २०२२ सालीं मुदत संपलेल्या कित्येक जिल्हा परिषदा आणि महानगरपालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हातीं गेल्या. अखेर मे २०२५ मध्यें निवडणुका घ्या म्हणून न्यायालयाला हुकूम करावा लागला. पांच वर्षांनीं निवडणूक झालीच पाहिजे असें घटनेंत लिहून ठेविलें असतां हें झालें! यावरून दोन धडे घ्या. वरचा हात सैल झाला नाहीं तर खालचा कायदा लंगडा होतो, हा पहिला. आणि ज्यांचे आंकडे नाहींत त्यांचा हक्क पहिल्यानें बुडतो, हा दुसरा.

सत्ता खालीं येणें म्हणजे काय, याची एक सोपी कसोटी आहे. काम, दाम आणि माणूस. काम दिलें पण दाम दिला नाहीं, तर ती वेठ. दाम दिला पण तो कशावर खर्च करावयाचा हें वरूनच ठरलें, तर तो निरोप्याचा धंदा. आणि काम-दाम दोन्ही दिले, पण तें करणारा नोकर गांवाला जबाबदार नसला, तर गांवानें तोंडाकडे बघत बसावयाचें. १४ व्या वित्त आयोगाच्या काळांत, म्हणजे २०१५ ते २०२० या पांच वर्षांत, देशांतल्या ग्रामपंचायतींना थेट दोन लाख कोटींहून अधिक रुपये ठरले. हें चांगलें झालें. पुढच्या १५ व्या आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं त्यांतला शेंकडा ६० भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला. उरलेल्या ४० भागावर गांवाची मर्जी. बांधून दिला तें वाईट असें मी म्हणत नाहीं. पाणी कोणाला नको? पण गांवानें स्वतःच्या विचारानें कांहीं करावें यासाठीं जी मोकळीक लागते ती थोडीच राहिली, आणि म्हणून त्या थोड्या पैशाचा निर्णय फार जपून करावा लागतो, एवढेंच दाखवितों.

दुसरे देश काय करतात तें थोडें पाहूं. दक्षिण अमेरिकेंत बोलिव्हिया म्हणून गरीब देश आहे. पुष्कळ प्रजा तेथल्या मूळच्या आदिवासींची. देशाचा पैसा दोन-तीन मोठ्या शहरांतच जिरत असे. १९९४ सालीं त्यांनीं कायदा केला कीं, राष्ट्राच्या करांपैकीं शेंकडा २० भाग नगरपंचायतींना द्यावयाचा, तोही माणशीं मोजून. जेथें डोकें जास्त तेथें पैसा जास्त, वशिला नाहीं. आणि प्रत्येक ठिकाणीं लोकांच्या जुन्या संघांतून एक देखरेख समिति नेमली, तिनें खर्चावर डोळा ठेवावयाचा. आपल्याकडे केरळानें १९९६ सालीं राज्याच्या विकास-योजनेचा शेंकडा ३५ ते ४० हिस्सा स्थानिक संस्थांना देऊन टाकला आणि योजना ग्रामसभांत बसवून करविल्या. लिहितां-वाचतां येणारी प्रजा असल्यावर काय होतें तें तेथें दिसलें. आणि आपल्याच गडचिरोलींतलें मेंढा-लेखा हें गोंडांचें गांव पहा. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्यांनीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातीं होता. गांव हटून बसलें, आणि २०११ सालीं परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तेथें गांवाचे निर्णय एकमतानें, सगळ्यांना समोर बसवून होतात. काम, दाम, माणूस तिन्ही गांवाच्या हातीं आलीं कीं आदिवासी कसा राज्य करतो, हें तेथें जाऊन पहावें.

परंतु मला सर्वांत अधिक पटलेली गोष्ट आफ्रिकेंतल्या युगांडा देशाची आहे, कारण ती शाळांची आहे. तेथें सरकार प्रत्येक शाळेला मुलांच्या संख्येप्रमाणें पैसा पाठवी. १९९१ ते १९९५ या काळाचा हिशेब तपासला तेव्हां दिसलें कीं, शंभरांपैकीं सरासरी अवघे १३ शाळेपर्यंत पोंचले होते! उरलेले मधल्या कचेऱ्यांत मुरले. मग सरकारनें एक साधें काम केलें. कोणत्या जिल्ह्याला किती पैसा पाठविला हें वर्तमानपत्रांत छापलें, आणि शाळेच्या भिंतीवर पाटी लावून आलेली रक्कम लिहिण्याचा दंडक घातला. पुढें २००१ च्या सुमारास शंभरांतले ८० हून अधिक शाळेला पोंचूं लागले. इतरही सुधारणा त्या काळांत झाल्या होत्या, सगळें यश एका पाटीचें नव्हे. पण पाटीचा वांटा मोठा होता यांत शंका नाहीं. चोराला दिव्याची भीति वाटते, आणि लिहिलेला आंकडा हा दिवा आहे. मात्र तो वाचतां आला पाहिजे आणि वाचण्याची छाति पाहिजे.

छातीचा विषय निघाला म्हणून माझीच एक गोष्ट सांगतों. तिच्यांत माझी शोभा नाहीं. मी नोकरीला नवा होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. तुमच्या ओळखीच्या कोणत्याही गांवाचें घाला, गोष्ट तीच राहील. तेथें नळाची योजना झाली. लाईन देवळाच्या चौकापर्यंत आली आणि थांबली. पुढें ओढा, आणि ओढ्यापलीकडे मातंगांची व रामोशांची वस्ती. ग्रामसभा भरली. सरपंचपद स्त्रीसाठीं राखीव होतें. सरपंचबाई घरीं भाकरी थापीत होत्या आणि खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते. जमाखर्चाचा कागद भिंतीवर डकवलेला होता. ओढ्यापलीकडची एक विधवा बाई उठली आणि मला म्हणाली, “गुरुजी, तेवढं वाचून दावा की. आमच्या वस्तीचं काय लिवलंय त्यात?”

मीं कागदाकडे पाहिलें. वस्तीपर्यंतचें काम पुरें झालें व पैसा चुकता केला, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे लागल्या. मी ज्या घरांत भाड्यानें राहत होतों तें खुर्चीवरच्या माणसाच्या चुलत्याचें. शिवाय बदलीचा अर्ज वर पडलेला. मी म्हणालों, “मावशी, अक्षर बारीक आहे, मीं चष्मा आणला नाहीं.” बंधूंनो, त्या वेळीं मला चष्मा नव्हताच.

ती बाई कांहीं बोलली नाहीं. बाहेर गेली, आणि खेळणाऱ्या पोरांतून आपल्या मुलीला हाताला धरून घेऊन आली. मुलगी माझ्याच वर्गांतली, इयत्ता चौथीची. “वाच गं,” म्हणाली. पोरीनें शाळेंत धडा वाचतात तसें, ओळीखालीं बोट ठेवून, मोठ्यानें वाचलें. रक्कम वाचली, तारीख वाचली, ‘काम पूर्ण’ हे शब्द वाचले. सभा गप्प झाली. खुर्चीवरच्या यजमानांना कांहीं तरी काम आठवलें. पण ठराव लिहिला गेला, तक्रार वर गेली, आणि चार महिन्यांनीं लाईन ओढा ओलांडून पलीकडे गेली. मीं शिकविलेल्या पोरीनें माझें काम केलें, आणि मीं केलें नाहीं. ही लाज माझ्या मनांतून अजून गेलेली नाहीं. आजचें भाषण म्हणजे त्या न वाचलेल्या कागदाची मी थोडी फेड करीत आहें, असें समजा.

या गोष्टींत सगळें आलें. दिल्लीनें कायदा केला होता, मुंबईनें पैसा दिला होता, स्त्रीला जागा राखली होती, कागदही नियमाप्रमाणें भिंतीवर होता. तरी पाणी ओढ्याच्या अलीकडेच राहिलें. तें पलीकडे गेलें तें एका अडाणी आईनें आणि तिच्या शिकणाऱ्या पोरीनें तोंड उघडल्यावर. म्हणून राखीव जागांची थट्टा करूं नका. खुर्चीवर यजमान बसतात म्हणून स्त्रीची जागा काढून टाका, असें म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. माझें म्हणणें उलट आहे. यजमानांना खुर्चीवरून उठवा आणि बाईंना बसवा. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांतल्या पंचायतींचा अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें प्रधानपद स्त्रीसाठीं राखीव होतें तेथें पिण्याच्या पाण्याचीं कामें अधिक झालेलीं दिसलीं. यांत नवल नाहीं. डोक्यावर हंडा ज्याच्या, पाण्याची आठवण त्याला.

आतां उद्यांचें काम. नियम कोरडे असतात, पण तेच गरिबाचें हत्यार आहे, म्हणून लक्षांत ठेवा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांतला कमी आंकडा पुरतो. तेवढीं माणसें जमलीं नाहींत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ति लागत नाहीं. म्हणजे तुम्ही पहिल्या सभेला आलां नाहींत, तर दुसऱ्या सभेंत पांच माणसें गांवाचा निकाल लावतात. मग तक्रार कोणाकडे करणार? तेव्हां उद्यां वेळेवर या. दुसरें, सह्यांची वही घरोघर फिरूं देऊं नका. ठराव लिहून, मोठ्यानें वाचून झाल्यावर सही करा. ज्याला अक्षर येत नाहीं त्यानें अंगठा उठवण्याआधीं दोनदां वाचून घ्यावें. तिसरें, ग्रामसभेआधीं महिलांची सभा व्हावयाची असा नियम आहे. ती येथें आज सकाळीं झाली. तिच्यांत काय ठरलें तें उद्यां वाचून दाखवा, असा आग्रह आयाबहिणींनीं धरावा. चौथें, पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नापैकीं शेंकडा १५ भाग मागासवर्गीयांसाठीं आणि शेंकडा १० भाग महिला व बालकांसाठीं खर्च करावयाचा असतो. तो झाला काय, कशावर झाला, हें विचारा. विचारणें हें भांडण नव्हे. आपल्या घरांत पोरानें बाजारांतून आणलेल्या सुट्या पैशांचा हिशेब आपण घेतोंच कीं नाहीं?

आणि पांचवें काम मी माझ्याकडे घेतों. शाळा व्यवस्थापन समितींत कायद्याप्रमाणें शेंकडा ७५ सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या समितीपुढें मी असें ठेवणार आहें कीं, शाळेला वर्षांत आलेला प्रत्येक रुपया आणि गेलेला प्रत्येक रुपया शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनें नव्हे, रंगानें लिहावा, आणि दर शनिवारीं वरच्या वर्गांतल्या पोरांनीं तो वाचण्याचा सराव करावा. गणिताचा तास होईल आणि मास्तरावर वचकही राहील. पंचायतीनेंही तसेंच करावें, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आम्ही आधीं केलें तर सांगण्याला तोंड राहील.

सत्ता खालीं येऊं नये, वरचे शिकलेले अधिकारीच बरे, असें म्हणणारे लोक आहेत. त्यांना माझें उत्तर आहे कीं, पोहावयास शिकल्यावरच पाण्यांत उतरा, असें सांगणारा मास्तर मीं अजून पाहिला नाहीं. गांव चुकेल. पण गांवाची चूक गांवाला दिसते आणि पुढल्या निवडणुकींत सुधारतां येते. कचेरींतल्या चुकीला फाईल नंबर मिळतो, आणि ती पेन्शनींत जाते. मात्र सत्ता खालीं येतांना चौकांतच थांबूं देतां कामा नये. ओढा ओलांडून ती शेवटल्या घरापर्यंत गेली, तरच ती गांवांत आली असें म्हणावें.

शेवटीं जोतीरावांची एक गोष्ट सांगून बसतों. १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शोभेसाठीं हजार रुपये खर्चावे, असें ठरूं लागलें. नेमलेले सभासद बत्तीस. त्यांत नको म्हणणारे एकटे जोतीराव. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असें त्यांचें म्हणणें. ठराव त्यांच्याविरुद्ध गेला. पण शोभेसाठीं हो म्हणणाऱ्या एकतीसांचीं नांवें आज कोणाला ठाऊक आहेत?

कमान कीं नळ, हें मी सांगणार नाहीं असें पहिल्यानेंच कबूल केलें आहे, आणि तें मी पाळतों. उद्यां सभेंत मी एका कोपऱ्यांत बसेन. कोणाला कांहीं वाचून हवें असेल तर मला हांक मारा. आतां मला खरोखरच चष्मा लागला आहे, आणि तो मी न विसरतां घेऊन येईन.